नऊ यंत्रांचा एक मायना

परभणी जिल्ह्यांत तालुके नऊ. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम. या प्रत्येक ठिकाणीं न्यायालयाच्या कामासाठीं एकेक सर्व्हर बसवावयाचा आहे, असें क्षणभर धरून चालावें. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या सेवेस उभा असलेला संगणक. न्यायालयांतील लेखनिक आपल्या मेजावरून दाव्याची नोंद ज्याच्याकडे पाठवितो आणि पुढची तारीख ज्याच्याकडून मागून घेतो, तो हा. नऊ नवीं यंत्रें जिल्ह्याच्या ठिकाणीं खोक्यांतून बाहेर निघालीं आहेत. एकाच कारखान्यांतलीं, एकाच बनावटीचीं. परंतु त्यांच्या ठायीं अद्याप कसलेंच ज्ञान नाहीं. डिस्क कशी वाचावी, तारेवरून आलेला निरोप कोणाच्या हवालीं करावा, दोन लेखनिक एकाच वेळीं आले तर कोणास थांबवावें, हें सारें शिकविणारी जी कार्यप्रणाली, ती बसविल्यावांचून या यंत्रांचा उपयोग लोखंडी पेटीहून अधिक नाहीं.

ही प्रणाली बसवितांना यंत्र प्रश्न विचारतें. भाषा कोणती? कळफलक कोणता? घड्याळ कोणत्या प्रदेशाचें? डिस्कचे भाग कसे पाडावयाचे? यंत्राचें नांव काय? कारभाऱ्याचा पासवर्ड काय? प्रश्न सोपे आहेत आणि उत्तरेंही सोपीं आहेत. पण तींच उत्तरें नऊ वेळां, तितक्याच सावधपणें, देणें मनुष्यास जमत नाहीं. पहिल्या यंत्राच्या वेळीं बसविणारा पडद्यावरील प्रत्येक ओळ वाचतो. सहाव्याच्या वेळीं त्याचें बोट डोळ्यांच्या पुढें धांवतें. सेलूच्या यंत्रास घड्याळाचा प्रदेश सांगावयाचा राहून जातो आणि तें जागतिक प्रमाणवेळ धरून बसतें. भारताची वेळ तिच्याहून साडेपांच तासांनीं पुढें आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची मध्यरात्र उलटून गेल्यावर, पहांटे तीन वाजतां, एखाद्यानें घरबसल्या कागद दाखल केला आणि त्याची वेळ या घड्याळावरून घेतली गेली, तर नोंद आदल्या रात्रीं साडेनवाची होते. मुदत टळलेला कागद मुदतींत आलेला दिसतो. प्रतिपक्षाचा वकील याचें काय करील, हें सांगावयास नको.

पूर्वींच्या चिटणिशी दप्तरांतून पत्रांचे मायने ठरलेले असत. थोरास कसें लिहावें, बरोबरीच्यास कसें लिहावें, हें एकदां ठरलें कीं कारकुनास नांव, गांव आणि तिथि तेवढी भरावयाची उरे. हेमाडपंताच्या नांवावर चालत आलेलें मेस्तक याच जातीचें. संगणकांच्या कारभाऱ्यांनीं काढलेली युक्ति याहून फार निराळी नाहीं. यंत्र जे प्रश्न विचारणार ते ठाऊकच आहेत. तेव्हां त्यांचीं उत्तरें आधींच एका फाइलींत लिहून ठेवावीं, यंत्रास ती फाइल दाखवावी आणि मनुष्यानें बाजूस व्हावें. हिला उत्तरपत्रिका म्हणावयास हरकत नाहीं. मात्र ही प्रश्न पडण्याच्या आधीं लिहिली जाते.

अशी सोय सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें आपल्या सोलॅरिस प्रणालीसाठीं विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दिली व तिला जंपस्टार्ट असें नांव ठेविलें. रेड हॅट कंपनीची किकस्टार्ट ही लिनक्ससाठींची रीत त्याच दशकांतली. डेबियन या मुक्त लिनक्सच्या २००५ मधील आवृत्तीबरोबर जो नवा स्थापक-कार्यक्रम आला, त्यांत प्रीसीड नांवाची सोय होती. उबंटूनें तीच पुष्कळ वर्षें चालविली आणि एप्रिल २०२० च्या आवृत्तीपासून सर्व्हरसाठीं ऑटोइन्स्टॉल ही आपली निराळी रीत पुढें आणली. नांवें अनेक, मतलब एक. यांतील एक बारीकशी सोय विशेष उपयोगी आहे. रेड हॅटची किंवा नवी उबंटू प्रणाली एका यंत्रावर हातानें बसविली, तर दिलेलीं सर्व उत्तरें ती आपण होऊन एका फाइलींत टिपून ठेविते. म्हणजे पहिल्या यंत्रापुढें बसून मनुष्यानें एकदां नीट बोलावें. पुढच्या आठांसाठीं मायना तेथेंच तयार मिळतो.

यंत्रास ही फाइल सांपडते कशी, हेंही पाहण्यासारखें आहे. आपल्या डिस्कवर कांहीं नाहीं हें पाहून नवें यंत्र तारेवर हांक मारतें. या हांकेची रीत इंटेल कंपनीनें लेखी ठरवून १९९९ सालीं प्रसिद्ध केली. तिला पीएक्सई म्हणतात. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क-कार्डास कारखान्यांतच बारा अक्षरांचा एक क्रमांक मिळालेला असतो. हांकेबरोबर यंत्र तो क्रमांक सांगतें. तारेच्या दुसऱ्या टोकाचा संगणक त्यास तात्पुरता पत्ता देतो, प्रणालीचा गाभा कोठून उचलावा तें सांगतो आणि उत्तरपत्रिकेची जागा दाखवितो. पुढें अर्धा तास खोलींत पंख्याच्या आवाजाखेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं. जिल्ह्याच्या ठिकाणीं नऊही यंत्रें एका टेबलावर मांडून हें काम उरकावें आणि मग तीं आपापल्या गांवीं रवाना करावीं, हें उत्तम. लांबच्या आणि अरुंद तारेवरून तालुक्याच्या यंत्रास एवढी मोठी प्रणाली ओढावयास लावण्यांत अर्थ नसतो; तेथें पेनड्राइव्ह खिशांत घालून एस. टी. नें जाणारा मनुष्यच आधीं पोंचतो.

नऊ न्यायालयांचें हें उदाहरण कल्पित असलें तरी तो प्रश्न देशापुढें फार मोठ्या प्रमाणावर खरोखरच उभा राहिला होता. ई-न्यायालय प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ सालीं सुरू झाला. २०१५ पर्यंत १४,२४९ न्यायालयांचें संगणकीकरण झालें. २०२३ मध्यें दुसरा टप्पा संपेतों हा आंकडा १८,७३५ वर गेला. पहिल्या टप्प्यांत १४,००० हून अधिक न्यायिक अधिकाऱ्यांस उबंटू-लिनक्स वापरण्याचें शिक्षण देण्यांत आलें. दाव्यांची नोंद ठेवणारा जो कार्यक्रम, सीआयएस, तो मुक्त-स्रोत साधनांवर उभारलेला असून तो घडविण्याचें काम पुण्यांतील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानें केलें. मराठी माणसास याचा थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य आहे.

या कार्यक्रमाची रचना करतांना कर्त्यांनीं त्याचे दोन भाग केले. एक गाभा, सर्व देशासाठीं एकच. दुसरा परिघ, प्रत्येक उच्च न्यायालयाच्या गरजेप्रमाणें निराळा. दाव्याची नोंद कशी व्हावी, पक्षकार कोण, पुढील तारीख कोणती, हें काश्मीरपासून केरळपर्यंत एकाच सांच्यांत बसतें. स्थानिक नमुने, स्थानिक भाषा, स्थानिक रिवाज हीं त्या सांच्यांत कोंबलीं तर सांचाच फुटतो. म्हणून तीं परिघावर ठेविलीं. ही विभागणी कार्यक्रमाची असली तरी तिच्याखालील कार्यप्रणाली बसविणाऱ्यासही तीच करावी लागते, आणि त्याच्या कामाचा कस येथेंच लागतो. सर्वांस समान असें काय, आणि ज्याचें त्याचें असें काय? रेघ चुकीच्या जागीं ओढली कीं पुढें वर्षानुवर्षें तिचें व्याज भरावें लागतें.

दाव्यास मिळणाऱ्या क्रमांकाचेंच उदाहरण घ्यावें. सीएनआर नांवाचा हा क्रमांक सोळा अक्षरांचा असतो. पहिलीं दोन अक्षरें राज्याचीं, पुढचीं दोन जिल्ह्याचीं, नंतरचे दोन अंक न्यायालयाच्या आस्थापनेचे, मग सहा अंकी अनुक्रम आणि शेवटीं वर्षाचे चार अंक. यांतील राज्य आणि जिल्हा नऊही यंत्रांस एकच. आस्थापनेचे दोन अंक मात्र ज्याचे त्याचे. जिंतूरचें यंत्र तयार करतांना सेलूची फाइल उचलून नांव तेवढें बदललें आणि हे दोन अंक तसेच राहिले, तर जिंतूरच्या शेतकऱ्याच्या बांधाच्या दाव्यास आणि सेलूच्या व्यापाऱ्याच्या वसुलीच्या दाव्यास एकच क्रमांक मिळण्याची वाट मोकळी होते. शेतकरी मोबाइलवर आपली तारीख पाहावयास जातो आणि त्यास परक्याची तारीख दिसते. त्याचा दिवस मोडतो, गाडीभाडें जातें. कदाचित् त्याच्या गैरहजेरींत हुकूमही होतो.

म्हणून नऊ यंत्रांसाठीं नऊ उत्तरपत्रिका लिहिणें हा सर्वांत वाईट मार्ग होय, आणि दुर्दैवानें तोच प्रथम सुचतो. पहिली लिहावी, तिच्या आठ नकला कराव्या, प्रत्येकींत चार ओळी बदलाव्या. पहिल्या दिवशीं हें झटपट होतें. सहा महिन्यांनीं सर्वांना लागू होणारी एक दुरुस्ती निघते. ती सात फाइलींत होते आणि दोहोंत राहून जाते. कोणत्या दोहोंत, हें तीं यंत्रें बिघडल्यावर कळतें. त्याहून चांगली रीत अशी कीं समान मजकूर एकाच फाइलींत ठेवावा आणि भिन्न गोष्टींचा एक लहानसा तक्ता निराळा करावा. तक्त्यांत ओळी नऊ. प्रत्येक ओळींत यंत्राचा तो बारा अक्षरी क्रमांक, गांवाचें नांव, नेटवर्कवरील पत्ता, आस्थापनेचे दोन अंक. यंत्रानें हांक मारतांच त्याच्या क्रमांकावरून ओळ शोधावी, मायन्यांतील रिकाम्या जागा तिनें भराव्या आणि तयार झालेली उत्तरपत्रिका त्याच्या हातीं द्यावी. उत्तरपत्रिका हातानें लिहूं नये. ती छापून निघावी. तक्ता मात्र मनुष्यानें वाचावा, आणि नऊ ओळी वाचणें मनुष्यास खुशाल जमतें. सरकारी नोकरींत बदली ठरलेली. तक्ता करणारा नांदेडास किंवा लातुरास गेल्यावर त्याच्या जागीं आलेल्यास हीं नऊ यंत्रें समजून घेण्यास एवढा एक कागद पुरतो.

जर्मनींत कोलोन विद्यापीठांतील टॉमस लांगे यांनीं १९९९ च्या सुमारास आरंभिलेल्या एफएआय या साधनांत हीच कल्पना पुढें नेलेली आहे. तेथें प्रत्येक यंत्र कांहीं वर्गांचें सभासद असतें आणि ज्या ज्या वर्गांत तें मोडतें त्या त्या वर्गाचे संस्कार त्यावर क्रमानें होतात. परभणीच्या उदाहरणांत सर्व यंत्रें ‘न्यायालय’ या वर्गांत येतील आणि मराठी निकालपत्रें छापण्यासाठीं देवनागरी टंक त्यांस मिळेल. तीं ‘मराठवाडा’ या वर्गांतही येतील. निजामी राज्यांत सरकारी दप्तराची भाषा उर्दू होती. तेव्हांच्या कागदाचा उतारा एखाद्या निकालपत्रांत घ्यावा लागला तर उर्दू टंकही हवा, जो साताऱ्याच्या यंत्रास बहुधा कधींच लागणार नाहीं. ज्या यंत्रांत दोन डिस्का आहेत त्यांचा वर्ग आणखी निराळा. एकट्या पालमसाठीं म्हणून कांहीं करावें लागलें, तरच पालमच्या नांवाचा वर्ग. असे एकट्याचे वर्ग वाढूं लागले, तर रेघ कोठें तरी चुकली आहे असें खुशाल समजावें.

यापुढचा प्रश्न केव्हां करावें याचा. प्रणाली बसून झाली, पण यंत्र अद्याप पुन्हां सुरू झालेलें नाहीं, अशा वेळीं शेवटच्या कांहीं आज्ञा देण्याची सोय प्रत्येक रीतींत असते. तिचा मोह फार होतो. सगळें कांहीं तेथेंच उरकून टाकावें असें वाटतें. पण त्या क्षणीं घर बांधून झालेलें असतें आणि वीज मात्र जोडलेली नसते. नव्या प्रणालींतील सेवा अजून चालू झालेल्या नसतात. त्या चालू आहेत असें समजून दिलेल्या आज्ञा निमूटपणें फसतात आणि त्यांची कुरकुर नोंदवहींत कोठें तरी पडून राहते. तेव्हां शेवटच्या आज्ञांनीं एवढेंच करावें कीं पहिल्यांदा जागें झाल्यावर काय करावयाचें त्याची चिठ्ठी यंत्राच्या उशाशीं ठेवावी. जें पुढें बदलण्याचा संभव आहे तें स्थापनेंत मुळींच घालूं नये. त्यासाठीं पपेट, ॲन्सिबल यांसारखीं चालू यंत्रांवर काम करणारीं साधनें आहेत. ज्या गोष्टीवांचून यंत्र उभेंच राहणार नाहीं, तेवढीच उत्तरपत्रिकेंत असावी. पातळ उत्तरपत्रिका दीर्घायुषी ठरते.

कांहीं कारभारी इतका खटाटोप न करतां एक यंत्र सर्वांगांनीं सजवून त्याच्या डिस्कची हुबेहूब नक्कल उरलेल्या आठांवर उतरवितात. ही रीत जलद खरी. परंतु नकलेबरोबर जें कधींही समान असूं नये तेंही समान होतें. आपण कोण हें दूरच्या माणसास पटविण्यासाठीं प्रत्येक सर्व्हराजवळ एक गुप्त किल्ली असते. ती नऊ ठिकाणीं एकच झाली, तर सोनपेठच्या यंत्रांतून ती ज्यास मिळाली त्यास गंगाखेडचें यंत्र म्हणून मिरवतां येतें. नऊ कपाटांस एकाच किल्लीचीं कुलपें घातल्यासारखें होतें. लिनक्समध्यें यंत्राची म्हणून आणखी एक ओळख-संख्या असते. तीही नकलेंत उतरली, तर पत्ते वांटणारा संगणक दोन यंत्रांस एकच समजून दोघांस एकच पत्ता देण्याचा संभव असतो; मग एक चालू असलें कीं दुसरें रुसतें, आणि दोष तारेचा समजून बिचारी तार बदलली जाते. नक्कल करावयाचीच असेल तर या दोन गोष्टी आधीं पुसाव्या, म्हणजे प्रत्येक यंत्र पहिल्या जागृतींत त्या स्वतः नव्यानें घडवितें. उत्तरपत्रिकेंत पासवर्डही उघडा लिहूं नये. ती फाइल तारेवरून जाते, आणि तारेवर कोण कान लावून बसला आहे हें दिसत नाहीं.

आतां डिस्कविषयीं. न बोलतां बसणारी प्रणाली न बोलतां पुसतेही, ही या सर्व सोयीची दुसरी बाजू आहे. पालमच्या यंत्रांत दोन डिस्का आहेत असें धरूं. एक लहान आणि वेगवान, प्रणालीसाठीं. दुसरी मोठी, दाव्यांच्या नोंदींसाठीं. उत्तरपत्रिकेंत ‘पहिली डिस्क’ असें लिहिलें तर पहिली कोण हें यंत्राच्या त्या दिवसाच्या लहरीवर राहतें; खोंचलेला पेनड्राइव्हही कधीं पहिला मोजला जातो. म्हणून पुष्कळजण ‘सर्वांत मोठी डिस्क’ असा नियम लिहितात. एका डिस्कच्या यंत्रांवर तो निर्दोष चालतो. पालममध्यें पहिल्या स्थापनेच्या दिवशीं दोन्ही डिस्का रिकाम्या असल्यानें तेथेंही कोणाच्या लक्षांत कांहीं येत नाहीं. प्रणाली चुकीच्या डिस्कवर बसते आणि नोंदींना जागा अपुरी पडूं लागते. मग कोणी तरी जागेवर जाऊन हातानें अदलाबदल करून ती नीट लावतो, आणि उत्तरपत्रिका तशीच राहते. दोन वर्षांनीं नवी आवृत्ति बसविण्याची वेळ येते. तीच फाइल, तोच नियम. आतां सर्वांत मोठ्या डिस्कवर दोन वर्षांचे दावे आहेत. दोन डिस्कांच्या यंत्रावर डिस्क तिच्या कारखान्यांतील अनुक्रमांकानेंच ओळखावी, हा नियम असल्या अनुभवांतून आलेला आहे.

एकाच आज्ञेनें पुष्कळ यंत्रें हलविण्याचें सामर्थ्य केवढें असतें याचा दाखला अमेरिकेंत मिळाला. १४ मे २०१४ रोजीं अटलांटा येथील एमरी विद्यापीठांत विंडोज ७ नव्यानें बसविण्याची आज्ञा निवडक संगणकांऐवजीं विद्यापीठाच्या विंडोज असलेल्या सर्वच संगणकांस चुकून गेली. मेजावरचे संगणक, लॅपटॉप, सर्व्हर, कोणी सुटलें नाहीं. ज्या सर्व्हरानें ती आज्ञा पाठविली, त्यानेंही ती इमानानें पाळली आणि स्वतःस पुसून टाकलें. यंत्राच्या आज्ञाधारकपणाची याहून कडेलोटाची गोष्ट सांपडणें कठीण.

उबंटूच्या नव्या रीतींत यावर एक साधी तोड ठेविलेली आहे. सारीं उत्तरें फाइलींत मिळालीं तरी डिस्कवर पहिली खूण करण्यापूर्वीं यंत्र एकदां थांबतें आणि पुढें जाऊं काय असें विचारतें. सुरुवातीच्या आज्ञेंत एक विशिष्ट शब्द घातला, तरच हा प्रश्न वगळला जातो. पुष्कळ कारभारी तो शब्द पहिल्या दिवशींच घालून टाकतात, कारण नऊ वेळां ‘होय’ लिहावयास जाणें त्यांस जिवावर येतें. टेबलावर मांडलेल्या कोऱ्या यंत्रांसाठीं तें क्षम्य आहे. ज्यांत एकाही पक्षकाराची नोंद पडली आहे अशा यंत्रासाठीं तो शब्द काढून टाकावा. एवढ्या एका प्रश्नासाठीं मनुष्यानें तालुक्याच्या गांवीं जावें लागलें तरी हरकत नाहीं. उत्तरपत्रिकेंत फेरबदल झाला, तर तो आधीं एका बिनकामाच्या यंत्रावर चालवून पाहावा, मग एका तालुक्यांत आठ दिवस नांदूं द्यावा, आणि मग उरलेल्या आठांकडे वळावें.

इतकें झाल्यावर एखाद्या सोमवारीं पालमचें यंत्र जळून जातें. उन्हाळ्यांत वीज ये-जा करीत असतां अशा गोष्टी घडतात. परभणीच्या कपाटांतील जास्तीचें यंत्र बाहेर काढलें जातें, त्याचा बारा अक्षरी क्रमांक तक्त्यांतील पालमच्या ओळींत जुन्याच्या जागीं लिहिला जातो, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पालमचा नवा सर्व्हर नांवानिशीं, पत्त्यानिशीं, बरोबर घड्याळानिशीं उभा राहतो. त्यांत दावा मात्र एकही नाहीं. दावे आदल्या रात्रीं घेतलेल्या प्रतींतून आणावे लागतात. ती प्रत कोठें ठेविली आहे आणि ती उघडून शेवटची केव्हां वाचून पाहिली, हें कोणतीही स्थापना-प्रणाली विचारीत नाहीं. म्हणून तक्त्याच्या प्रत्येक ओळींत त्यासाठीं दोन जादा रकाने आंखून ठेवावे लागतात.